पंचनाम्याबाहेर

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे उशिरा झोपली होती. दमलेली पोरे अंगावरचा गुलाल न धुताच अंथरुणावर पडली होती.

पुढच्या दिवसांत पंचनामे झाले. कागदावर माणसे आली. बैल, म्हशी, शेळ्या आल्या. ज्वारीची पोती आणि पितळेची भांडी आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे उद्ध्वस्त झाल्याची नोंद झाली. मृतांचा सरकारी आकडा ७,९२८. वाचलेल्या मुलांची झोप कोणत्याही तक्त्यात आली नाही. झोपेबरोबर जे गेले तेही आले नाही.

माळवद गेले. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या भिंती. जाडी दोन-अडीच फूट. वर लाकडी तुळया, त्यांवर किलच म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी वर आणखी थोडी माती पडे. जुन्या घरावर पिढ्यांची माती साठलेली असे. असे घर उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार राही. बाहेरचा आवाज आत दबूनच येई. तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना तिथे गाढ झोप लागे. त्या पहाटे ही माती आणि हे दगड झोपलेल्यांवर आले. गावाच्या कडेला गवती छपरात, कुडाच्या भिंतीत राहणारी गरीब माणसे त्या मानाने वाचली. अंगणात बाज टाकून झोपलेले वाचले.

त्यानंतर मुले छपराखाली झोपेनात.

साणे गेले. माळवदाला उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेले हातभर भोक म्हणजे साणे. पाऊस आला की कोणी तरी धावत वर जाई आणि त्यावर झाकण ठेवी. दिवसा त्यातून उन्हाचा कवडसा खाली पडे आणि जमिनीवरून सरकत जाई. रात्री त्याच भोकातून दोन-तीन तारे दिसत. बिछान्यावर उताणे पडलेले मूल ते बघत झोपी जाई. नव्या घराच्या स्लॅबला भोक नाही. तिथे पंख्याचा हूक आहे. पुढे कितीतरी मुलांनी झोपण्याआधी याच हुकाकडे टक लावून पाहिले. पंखा हलतो का, बल्ब हलतो का, तांब्यातले पाणी थरथरते का, हे पाहण्याची सवय डोळ्यांना लागली.

उन्हाळ्यात माळवदावर झोपण्याची चाल होती. संध्याकाळी वर पाणी शिंपडत. जेवणे झाली की वाकळा, घोंगड्या वर जात. शेजारच्या माळवदावरचे बोलणे ऐकू येई. एका घरातली गोष्ट चार घरांतली मुले ऐकत. पुनर्वसित गावांत घरे सुटी-सुटी आहेत. मधून रुंद, सरळ रस्ते आहेत. शेजारच्या घरातला खोकला आता ऐकू येत नाही.

आजी गेली. आजीच्या कुशीत झोपणाऱ्या नातवंडांपैकी काही तिच्यामुळेच वाचली. तिच्या अंगाने दगड अडवला. त्या मुलांना पुढे बरीच वर्षे कोणाच्या कुशीत झोपवले तरी झोप येत नसे. काहींना एकटे झोपवले तरी येत नसे.

गोष्ट अर्धीच राहिली. रोज रात्री थोडी सांगून उरलेली उद्यावर टाकायची, असा घराघरांतला रिवाज होता. २९ तारखेला मिरवणुकीमुळे बहुतेक घरांत गोष्ट झालीच नाही.

‘काही होत नाही, झोप.’ हे वाक्य गेले. किल्लारीत १९९२ च्या ऑक्टोबरमध्येही धक्के बसले होते. जमिनीतून आवाज आले होते. मग सारे थांबले आणि गाव पुन्हा निर्धास्त झोपू लागले. त्या वर्षभरात हे वाक्य आयांनी किती वेळा म्हटले असेल, त्याची मोजदाद नाही. भूकंपाच्या नकाशातही हा प्रदेश सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो पट्टा नकाशातून काढून टाकण्यात आला. लातूर तिसऱ्या पट्ट्यात गेले. १९९३ नंतर आई जिवंत होती त्या घरातही ते वाक्य मुलांना पुरेनासे झाले. सांगणारी स्वतःच जागी असे.

दार गेले. भूकंपानंतर पाऊस लागून राहिला होता. प्रेते फार होती आणि कोरडे लाकूड कमी होते. पडलेल्या घरांच्या तुळया, चौकटी, फळ्या चितेला लागल्या. रात्री कडी लावून निजायचे ते दारही त्यात गेले. पुढे तात्पुरत्या निवाऱ्याच्या पत्र्याच्या शेडला पत्र्याचेच दार आले. मुले ते लावू देत नसत. लावलेच तर दाराजवळची जागा मागत. दाराजवळ कोणी निजायचे यावरून भावंडांत भांडणे होत. पूर्वी ही भांडणे चुलीजवळच्या जागेवरून होत.

काळोख गेला. मराठवाड्यातल्या खेड्यात कंदील विझवून निजण्याची सवय होती. वातीला तेल लागते म्हणून आई दिवा मालवी. आता दिवा रात्रभर जळत राहिला. वीज आल्यावर बल्ब जळत राहिला. वीज गेली की शेडमधली सगळी मुले एकदम जागी होत. कोणी ओरडत नसे. नुसता अंथरुणे सरकवल्याचा आवाज येई.

पावसाचा आवाज बदलला. माळवदावरचा पाऊस घरात ऐकू येत नसे. कोपऱ्यात गळायला लागला की कळे. पत्र्यावर पहिला टपोरा थेंब पडला की कानात खडा मारल्यागत होई. वाऱ्याने पत्रा खडखडला की मुले उठून बाहेर पळत. तात्पुरती म्हणून उभारलेली ही शेड उन्हाळ्यात भट्टीसारखी तापत. त्यांत कुटुंबांनी वर्षे काढली. ज्यांचे वय तेव्हा ८ होते त्यांच्या बालपणाची काही वर्षे तिथे गेली.

पहाट गेली. हा तोटा सगळ्यात मोठा. जात्यावरच्या ओव्या त्याआधीच विरल्या होत्या, गावात पिठाची गिरणी आली होती. तरी पहाटेला तिचे आवाज होते. गोठ्यातली घुंगरे, रहाटाची कुरकुर, देवळातला काकडा, चुलीत फुंकर. अर्धवट झोपेत हे आवाज ऐकत कूस बदलायची आणि अजून घटकाभर झोपायचे, हे खेड्यातल्या मुलाचे हक्काचे सुख होते. आता साडेतीनलाच डोळे उघडत. घड्याळ न पाहता उघडत. मूल गप्प पडून राही, चार वाजून जाईपर्यंत. मग त्याला झोप लागे. मग शाळेसाठी उठवावे लागे.

माणसाच्या झोपेत स्वप्नांचा टप्पा रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जातो. पहाटे तो सगळ्यात लांब असतो. भूकंप त्याच वेळेला आला. जी घटना जागेपणी घडते तिची सुरुवात तरी आठवते. ही झोपेत सुरू झाली. मुलांना सुरुवात आठवत नाही. धूळ आठवते, तोंडात माती आठवते, कोणाची तरी हाक आठवते. स्वप्नात हेच तुकडे येत राहिले, क्रम बदलून.

वाकळा उन्हात दिसू लागल्या. ९-१० वर्षांच्या, कधीच अंथरूण ओले न करणाऱ्या मुलांच्या वाकळा. शेडच्या मागच्या बाजूला, दगडावर, घडी उलटी करून वाळत घातलेल्या. मुले स्वतःच पहाटे त्या नेऊन टाकत. जाणत्या बाया त्याबद्दल विचारत नसत. संध्याकाळी वाकळ वाळली की जागच्या जागी आणून ठेवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही घरांत हे काही महिने चालले, काही घरांत वर्षांवर गेले. वाकळेत आजीच्या जुन्या लुगड्याचे तुकडे होते. रोज धुऊन त्यांचा रंग गेला.

आई गेली त्या घरात स्वयंपाक थोरल्या मुलीकडे आला. १२-१३ वर्षांची मुलगी. चूल पहाटे पेटवावी लागे. तिला कोणी उठवत नसे, ती जागीच असे. तिच्या जागेपणाला घरात कामसूपणा म्हणत. तपासायला आलेल्या डॉक्टरांपुढे धाकटी भावंडे नेली गेली. रडणाऱ्यांना नेले गेले. न रडणारी भाकरी थापत राहिली. अशा कितीतरी मुलींची लग्ने पुढे लवकर उरकली.

ज्यांनी सगळी मुले गमावली होती आणि ज्यांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली होती, अशा स्त्रियांवर ती उलटवण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. काहींच्या घरी पुन्हा पाळणा हलला. पाळणा स्लॅबच्या कडीला न बांधता बाहेर झाडाला बांधलेला असे.

या सगळ्याला गावात नाव होते ते एकच. ‘पोरगं भ्यालंय.’ मीठ-मिरची उतरवून चुलीत टाकत. अंगारा लावत. उशाखाली विळा ठेवत. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आघातानंतरच्या या अवस्थेला स्वतंत्र आजार म्हणून आपल्या यादीत घेतले होते. दचकणे, सतत सावध राहणे, तीच घटना पुन्हा पुन्हा दिसणे, झोप न लागणे, लागली तर भीतीने मोडणे, ही त्याची लक्षणे. उमरगा आणि औसा तालुक्यांत ते नाव तेव्हा फारसे कोणाला माहीत नव्हते. लक्षणे मात्र प्रत्येक शेडमध्ये होती. अंगारा लावणारी आत्या मुलाशेजारी रात्रभर बसून राही. एवढा उपचार त्याला मिळत होता आणि तो खरा होता.

शाळेतले लक्ष गेले. पाढे येणारी मुले पाढे विसरली. झोप मोडली की दिवसा शिकलेले मेंदूत मुरत नाही. मास्तर स्वतः घरची माणसे पुरून, जाळून वर्गावर आले होते. बाकावर डोके टेकून झोपलेल्या मुलाला ते उठवत नसत. हजेरीपटावरची काही नावे घेतली जात नसत. नंतर नवा हजेरीपट आला, त्यात ती नावे नव्हती.

सुमारे १,२०० मुले भारतीय जैन संघटनेने पुण्याला शिक्षणासाठी नेली. नळदुर्गजवळ राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणा यांनी ‘आपलं घर’ सुरू केले. मुले शिकली. नोकऱ्यांना लागली. हे झाले नसते तर काय झाले असते, हा विचारही करवत नाही. घरापासून दूर गेलेल्या या मुलांना आधी लोखंडी खाटेवर झोपायला शिकावे लागले. वरच्या मजल्यावर झोपायला शिकावे लागले. रस्त्यावरून जड ट्रक गेला की जमीन हलते आणि तो ट्रकच असतो, हे शिकावे लागले. रात्री गावाकडची बोली बोलायला शेजारच्या खाटेवरचा मुलगा होता. दिवसा ती बोली हळूहळू सुटली.

वाढत्या वयात झोपेचे घड्याळ आपोआपच पुढे सरकते. १४-१५ व्या वर्षी रात्री उशिरापर्यंत डोळा लागत नाही आणि सकाळी उघडत नाही. त्या वयाला ८ ते १० तास झोप लागते. वसतिगृहात घंटा साडेपाचला होत असेल, तर भूकंपातून आलेल्या मुलाची रात्र दोन्हीकडून कापली जाई. त्याला आळशी म्हटले गेले. चिडका म्हटले गेले. अनेकदा तो नुसता जागा राहिलेला असे.

नवी गावे झाली. जमीन किती त्यावर घर किती ते ठरले. १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला आणि भूमिहीनाला २५० चौरस फूट. १ ते ७ हेक्टरवाल्याला ४००. त्याहून जास्त असलेल्याला ७५०. घरे भूकंपाला टिकतील अशी बांधली होती. इंजिनिअर तसे सांगत होते आणि ते खरे होते. लोकांनी दारापुढे पत्र्याचे छप्पर काढले. सामान घरात ठेवले. झोपायला छपराखाली आले. पक्क्या घराच्या भिंतीला पाठ लावून, पण बाहेर.

वर्षात दोन रात्री वाढल्या. एक तारखेची आणि एक तिथीची. ३० सप्टेंबर आपल्या जागी राहते. अनंत चतुर्दशी मागे-पुढे होते. तारखेला किल्लारीत स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली वाहिली जाते. तिथीला ढोल-ताशा वाजतो. ढोलाचा आवाज छातीत घुमतो, तसाच आवाज जमिनीतून आला होता असे सांगणारे आजही भेटतात. त्या दोन्ही रात्री मुले जागत. मधल्या दिवसांत त्यांना बरे वाटायला लागलेले असे, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

मग काही गोष्टी हळूहळू कमी होत गेल्या, त्यांचीही नोंद हवी. आधी ओरडणे कमी झाले. मग अंथरूण ओले होणे थांबले. मग मुले दिवा बारीक करू देऊ लागली. मग एका रात्री एखादे मूल सकाळी सातपर्यंत झोपले आणि घरातली माणसे घाबरून त्याचा श्वास पाहायला गेली. बहुतेक मुले अशी सावरली. रोज तीच वेळ, शेजारी ओळखीचे मोठे माणूस, शाळा, खेळ, पोटभर जेवण आणि जबरदस्तीने काही वदवून न घेणे, यांनी सावरली. काहींची मात्र झोप कायमची उथळ राहिली. त्यांतल्या काहींनी ती दारूने आणली. काहींनी रात्रपाळीची कामे धरली आणि घरच्यांना त्याचे कारण पगार सांगितले.

आता उपाय आहेत. दिवसा, उजेडात, वाईट स्वप्न कागदावर लिहायचे. त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा. बदललेले स्वप्न रोज थोडा वेळ डोळ्यांसमोर आणायचे. बऱ्याच जणांना याने स्वप्ने कमी होतात. कागद-पेन्सिलीपेक्षा जास्त सामान लागत नाही. शिकवणारे माणूस मात्र लागते. १९९३ मध्ये उमरगा तालुक्यातल्या सास्तूरच्या शेडमध्ये कागद आणि पेन्सिल होती. मदतीच्या पेट्यांमधून पुष्कळ आली होती.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज येऊ लागले. धक्के लहान होते. माणसे अंथरुणे घेऊन बाहेर आली. १९९३ मध्ये लहान असलेली आता बाप होती, आई होती. त्यांच्या मुलांनी विचारले, काय झाले. कोणी सांगितले, कोणी सांगितले नाही. मुले मात्र त्या रात्री आईबापांचे चेहरे बघून जागी राहिली.

झोप भूकंपानेच मोडते असे नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीतली काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून राहिली. वाडी नव्हती. सुट्टीत परत जाऊन ज्या घोंगडीवर निजायचे ती घोंगडी नव्हती. मुसळधार पावसाची रात्र आता त्यांच्या वाट्याला आली आहे, आणि सह्याद्रीत अशा रात्री दरवर्षी चार महिने असतात.

२०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक सुरू आहे. दिवसरात्र चालतो. मराठीतही बोलता येते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीही लागतो. हा क्रमांक प्रत्येक आश्रमशाळेच्या, वसतिगृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असायला हवा, आणि रात्री वापरता येईल असा फोनही.

किल्लारीच्या भूकंपग्रस्तांच्या कुटुंबाला एक दाखला मिळाला. त्यावर सरकारी नोकरीत २ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी वयाची मर्यादा ४५ आहे. त्या पहाटे १५ वर्षांचे असलेले ती केव्हाच ओलांडून गेले. १० वर्षांचे असलेले २०२८ मध्ये ४५ चे होतील. तेव्हा आईच्या पोटात असलेले त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी.